दहा हजारांच्या फोनचा कॅमेरा

आठ ते बारा हजार रुपयांना मिळणारा स्मार्टफोन उन्हात बहुधा चांगलेच फोटो काढतो. त्याच्या कॅमेऱ्याची परीक्षा उजेड कमी झाला की सुरू होते. केळव्याच्या किनाऱ्यावर मे महिन्याच्या भर दुपारी उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो. बोईसरच्या चाळीतल्या एका ट्यूबलाइटच्या खोलीत तो शंभर-दीडशे लक्सवर येतो आणि रात्रपाळीचे कामगार उतरतात त्या फलाटाच्या टोकाला त्याहून कितीतरी खाली. एकाच माणसाच्या खिशातल्या कॅमेऱ्याला एका दिवसात हजारपटीहूनही मोठा फरक सोसावा लागतो. दुकानात काचेच्या कपाटाचा एक फोटो काढून पाहिला तर यातले काहीच कळत नाही, कारण दुकानातला लख्ख पांढरा उजेड कॅमेऱ्याच्या सोयीचा असतो. पालघर किंवा बोईसरच्या बाजारात फोन घेणाऱ्याने तो एकदा जिन्याच्या अंधारात आणि एकदा बाहेरच्या रस्त्यावर चालवून पाहावा. दुकानदार बहुतेक वेळा नाही म्हणत नाही.

खोक्यावर ‘५० मेगापिक्सेल’ असे ठळक छापलेले असते. आकडा खोटा नसतो, पण तो ज्या जागेत मावतो ती जागा फार लहान असते. या किमतीत सर्रास दिसणाऱ्या ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एकेक पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा असतो. सगळा सेन्सर मिळून सव्वापाच मिलिमीटर रुंद आणि जेमतेम चार मिलिमीटर उंच, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. इतक्या बारीक पिक्सेलवर पुरेसा प्रकाश पडत नाही, म्हणून फोन शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून त्यांना एक समजतो आणि हाती येणारा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा असतो. हे योग्यच आहे. पूर्ण ५० मेगापिक्सेलचा पर्याय भर उन्हात लांबची पाटी टिपायची असेल तर थोडा उपयोगी पडतो. घरात तो लावला की फोटोत दाणे दिसतात आणि मेमरी तेवढी भरते. महागड्या फोनमध्ये मुख्य सेन्सरच तिप्पट-चौपट क्षेत्रफळाचा असतो. म्हणून दोन स्वस्त फोन समोर असतील तर मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार विचारावा. तो १/२.७६ असा अपूर्णांकात लिहितात आणि छेद जितका लहान तितका सेन्सर मोठा. भिंगाचा एफ-आकडाही तसाच वाचायचा: एफ २.२ च्या भिंगापेक्षा एफ १.८ चे भिंग जवळजवळ दीडपट उजेड आत घेते.

उजेड कमी पडला की फोन एकेक फोटो घ्यायला जास्त वेळ लावतो. तो वेळ एक दशांश सेकंदावर गेला, की हात किंचित हलला तरी फोटो हलतो आणि खोलीत रांगणारे मूल नुसता पुसट पट्टा होऊन उमटते. महाग फोनमध्ये हाताच्या कंपनाच्या उलट दिशेने भिंगच सरकवणारी यंत्रणा असते. या किमतीत ती जवळजवळ नसतेच. तिच्या जागी ‘नाइट मोड’ मिळतो. तो एकामागून एक बरेच फोटो घेऊन एकमेकांवर जुळवतो आणि तोवर दोन-तीन सेकंद फोन स्थिर धरावा लागतो. तारापूरच्या किल्ल्याच्या भिंतीला हे चालते, कारण ती हलत नाही. हळदीच्या मांडवात किंवा पाड्यावरच्या तारपा नाचात माणसे फेर धरून फिरत असतात. तिथे नाइट मोड बंद करून मांडवातल्या दिव्याच्या अगदी जवळून काढलेला साधा फोटोच बरा येतो. फ्लॅशचा छोटा एलईडी दीड-दोन मीटरपलीकडे काही उजळत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

व्हिडिओची एक अडचण तारापूर-बोईसरच्या औद्योगिक पट्ट्यात वारंवार येते. भारतातली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये यंत्र बिघडले की ऑपरेटर मेकॅनिकला व्हिडिओ पाठवतो; पट्ट्यांमुळे नेमका फिरता भाग दिसेनासा होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्झवर ठेवले की पट्टे बहुतेक वेळा जातात. सगळ्याच स्वस्त फोनमध्ये हे सेटिंग नसते, म्हणून ते आधी पाहून घ्यावे.

मागच्या बाजूला तीन गोल दिसले म्हणजे तीन उपयोगाचे कॅमेरे असतीलच असे नाही. एक मुख्य असतो, दुसरा बऱ्याचदा २ मेगापिक्सेलचा ‘डेप्थ’ किंवा ‘मॅक्रो’ आणि तिसरा गोल काही फोनमध्ये नुसता शोभेचा. मॅक्रो म्हणजे जवळचे टिपणारे भिंग. ते किती कामाचे, हे डहाणू-पालघरच्या किनारपट्टीवर, चिंचणी-वाढवणच्या बाजूला डायमेकिंगच्या घरांत नीट कळते. इथे दागिन्यांसाठी पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरून साचे, म्हणजे डाय, तयार करतात. कोरलेली डाय व्यापाऱ्याला दाखवायची तर फोटो पाठवावा लागतो आणि नक्षीची रेघ केसाइतकी बारीक असते. मॅक्रो भिंगाचा फोकस सुमारे चार सेंटिमीटरवर कायमचा बसवलेला असतो. फोन इतका जवळ आणला की त्याचीच सावली डायवर पडते आणि २ मेगापिक्सेलमध्ये रेघा एकमेकींत मिसळून जातात. त्यापेक्षा मुख्य कॅमेरा बारा-पंधरा सेंटिमीटरवर धरून दुप्पट झूम केलेला फोटो कितीतरी स्वच्छ येतो. ठोकळा खिडकीपाशी असा ठेवायचा की उजेड तिरका येईल आणि कोरलेल्या खाचेच्या एका काठाला सावली पडेल. मग पडद्यावर नक्षीला बोट लावून शेजारी दिसणारी सूर्याची खूण खाली ओढायची, म्हणजे घासलेल्या पोलादाची चमक मरते आणि पाकळ्या सुट्या दिसू लागतात. मॅक्रोसाठी वेगळे पाचशे रुपये मोजण्यात काही अर्थ नाही.

रंगाच्या बाबतीत स्वस्त फोन सर्वात जास्त अन्याय माणसाच्या चेहऱ्यावर करतो. सेल्फीच्या कॅमेऱ्यात ‘ब्यूटी’ आधीच चालू करून ठेवलेली असते. सातपाटीच्या मासळी बाजारात उन्हात दिवस काढणाऱ्या बाईचा चेहरा त्यात दोन छटा उजळ होतो, कपाळावरच्या रेषा पुसल्या जातात आणि नाकाची कड भिंतीत विरते. या गोष्टीला इतिहास आहे. रंगीत फिल्मच्या काळात फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळा गोऱ्या बाईचा फोटो असलेले ‘शर्ली कार्ड’ प्रमाण मानून रंग जुळवत. सावळा चेहरा त्या मापात बसतच नसे. २०२२ मध्ये गूगलने हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांच्या सहकार्याने त्वचेच्या दहा छटांची मोजपट्टी खुली केली, ती याच उणिवेपोटी. तरीही स्वस्त फोन चेहरा उजळ करण्यालाच सुधारणा समजत राहतो. परीक्षा सोपी आहे: घरातल्या सर्वात सावळ्या आणि सर्वात गोऱ्या माणसाला दारात शेजारी उभे करायचे, ब्यूटी शून्यावर आणायची आणि एकच फोटो काढायचा. दोघेही जसे दिसतात तसे आले, तर कॅमेरा विश्वासाचा.

विश्वासाचा हा मुद्दा या जिल्ह्यात शोभेपुरता नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात एका बाजूला तारापूरचे कारखाने आणि अणुऊर्जा केंद्र आहे, तर दुसऱ्या बाजूला जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे डोंगरी आदिवासी तालुके. दोन्हीकडे फोनचा कॅमेरा आता साक्षीदाराच्या जागी आला आहे. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा काढून ठिकाणासह चढवण्याची एनएमएमएस ही पद्धत २०२१ मध्ये आली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीची झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. मजुरी, पीकविमा, नुकसानभरपाई या गोष्टी ज्याच्या आधारावर ठरतात, तो फोटो बहुतेक वेळा दहा हजारांच्या आतल्या फोननेच काढलेला असतो. फोन जितका हलका, तितकी त्याच्या चुकीची किंमत मोठी, कारण ज्याच्या हातात तो असतो त्याला एका दिवसाची मजुरी बुडणे परवडत नाही. कॅमेऱ्याची पारख करणारी परीक्षणे या कामाचा क्वचितच विचार करतात. त्यांच्या नमुन्यात फुले, कॉफीचा कप आणि संध्याकाळचे आकाश असते.

साक्षीचे काम करणाऱ्या कॅमेऱ्याकडून तीन गोष्टी हव्यात. पहिली, पाठीमागून उजेड येत असताना चेहरा काळा पडू नये. अंगणवाडीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत दार हीच उजेडाची मोठी वाट असते आणि माणूस नेमका दाराला पाठ करून उभा राहतो. एचडीआर, म्हणजे उजळ आणि अंधारा भाग एकाच फोटोत सांभाळणारी सोय, चालू असताना चेहरा आणि बाहेरचे झाड दोन्ही दिसले पाहिजेत. दुसरी, ठिकाण लवकर सापडावे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण रेंज नसलेल्या खोऱ्यात उपग्रहांची माहिती थेट उपग्रहांकडूनच घ्यावी लागते आणि त्यात काही मिनिटे जातात. तोवर फोन उघड्या आभाळाखाली धरून थांबावे लागते. तिसरी, कागद वाचता यावा. सातबारा, रेशनकार्ड, कारखान्याचा गेटपास यांचा फोटो काढला की सर्वात बारीक ओळ मोठी करून पाहावी. मधली अक्षरे स्पष्ट आणि कोपऱ्यातली फाटलेली असतील, तर भिंग हलके आहे. पुष्कळदा दोष फोनचा नसून पाठवण्याचा असतो: व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना तो बराच लहान करते. २०२३ पासून त्यात ‘एचडी’चा पर्याय आहे, कागद तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की जसाच्या तसा पोहोचतो. ही एक सवय लागली तरी तहसील कचेरीच्या फेऱ्या वाचतात.

स्वस्त फोनची महाराष्ट्रातली सर्वात मोठी परीक्षा अंगणवाडी सेविकांनी घेतली असे म्हणावे लागेल. २०१९ मध्ये राज्य सरकारने त्यांना कामासाठी स्मार्टफोन दिले. त्यांची रॅम २ जीबी होती. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले आणि ते त्या फोनवर पेलेना: फोन गरम व्हायचा, हँग व्हायचा, भरलेली माहिती जायची, दुरुस्तीचा खर्च सेविकांवर पडायचा आणि ॲपची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. तक्रार अवास्तव नव्हती. बालकाचे वजन-उंची नोंदवणारी बाई कुपोषणाच्या कामातली पहिली कडी आहे आणि जव्हार-मोखाड्यात त्या कामाचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा त्याच ॲपवर ओळखून घेणे आले. आता पाठीमागच्या उजेडात चेहरा नीट टिपता येतो की नाही, यावर आहाराचे पाकीट हाती पडणे अवलंबून आहे.

या अनुभवातून रॅमचा धडा सरळ मिळतो. आजच्या घडीला ४ जीबी हे खालचे टोक मानावे, ६ जीबी असेल तर उत्तम. जाहिरातीत ‘४+४’ असे लिहितात तेव्हा दुसरे चार मेमरीतून उसने घेतलेले असतात आणि ते खऱ्या रॅमपेक्षा फार संथ असतात. मेमरीची जातही विचारावी. ईएमएमसी प्रकारची मेमरी सेकंदाला सुमारे तीनशे मेगाबाइट वाचते, यूएफएस २.२ त्याच्या तिप्पट. ॲप उघडायला, फोटो साठवायला लागणारा वेळ यावर ठरतो. ६४ जीबीच्या फोनमध्ये पंधरा-वीस जीबी तर यंत्रणाच खाते. उरलेली जागा व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात आणि लग्नाचे व्हिडिओ भरून टाकतात, आणि मग नेमक्या वेळी कॅमेरा ‘जागा नाही’ म्हणतो. १२८ जीबी घेणे हा चैनीचा खर्च नव्हे.

रोजच्या वापराची पारख विरार-डहाणू लोकलमध्ये होते. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत येऊ लागल्या आणि सफाळे, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगावच्या माणसांचे कामाचे गणित त्या गाड्यांशी बांधले गेले. तिकीट किंवा पास फोनमध्ये असेल तर बॅटरी ही प्रवासाची अट होते. या किमतीत ५,००० एमएएचची बॅटरी आता सामान्य आहे आणि साध्या वापरात ती दिवसभर पुरते. फरक भरण्याच्या वेळेत असतो: १० वॉटच्या चार्जरने अडीच ते तीन तास, १८ वॉटने साधारण दोन. पावसाळ्यात वीज येऊन-जाऊन असते त्या गावांत हा तासाभराचा फरक मोठा आहे. खोक्यात चार्जर आहे की नाही, हेही आता विचारावे लागते.

पडद्याचे तसेच. बारीक अक्षरांसाठी जास्त पिक्सेलचा पडदा बरा, पण उन्हात तो दिसतो का, हा प्रश्न आधी येतो. बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाचे पैसे क्यूआर कोडने देताना निम्मे लोक तळव्याने पडद्यावर सावली धरतात. ज्या फोनची चमक पाचशे निट्सच्या खाली आहे, तो उन्हात वाचायला जड जातो. कोडच्या प्लॅस्टिकवर ऊन चमकत असेल तर फोन सरळ न धरता थोडा कलता धरावा, कोड लगेच वाचला जातो.

बोटांचे काय, हे फार कमी वेळा विचारले जाते. मासे साफ करणारी, जाळी ओढणारी, कापडाच्या रंगात किंवा रसायनात काम करणारी बोटे झिजलेली असतात. ठशाच्या रेघा उथळ होतात आणि बाजूच्या बटणावरचा सेन्सर त्या ओळखत नाही. अशा माणसाने एकाच बोटाची दोन-तीनदा वेगवेगळी नोंद करावी, म्हणजे ओळख बरीच सुधारते. नाहीतर सरळ पिन वापरावा. ओल्या हाताला पडदा दाद देत नाही, हा तर सगळ्याच फोनचा स्वभाव. कारखान्यात जिथे ज्वालाग्राही द्रावकांची वाफ असते तिथे साधा मोबाइल नेणेच धोक्याचे आणि मनाई असलेले. अणुऊर्जा केंद्राच्या संरक्षित भागातही कॅमेऱ्याचा फोन चालत नाही. अशा कामगारांचा फोन पाळीभर लॉकरमध्ये बंद राहतो. त्यांना पाळी सुटल्यानंतरचा पहिला फोन ऐकू येणे महत्त्वाचे. एकच स्पीकर खालच्या कडेला असेल तर लोकलच्या गर्दीत तो तळव्याखाली झाकला जातो. बोलताना आवाज समोरच्याला स्पष्ट जावा यासाठी दुसरा, गोंगाट वगळणारा माइक असावा; तो वरच्या कडेवरच्या बारीक छिद्रावरून ओळखता येतो.

देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले आणि आता स्वस्त फोनवरही ते छापलेले असते. घेण्याआधी बँड पाहावेत. ‘एन ७८’ शहरात वेग देतो. ‘एन २८’ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा बँड लांब पोहोचतो, भिंती ओलांडतो, आणि तो जिओ वापरते. वाड्या-पाड्यांवर राहणाऱ्याला वेगापेक्षा पोहोच हवी असते. त्यातून घरी रेंजच येत नसेल, तर ५जीसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा तेच पैसे रॅम आणि मेमरीवर घालावेत.

किनाऱ्यावरच्या माणसाने ‘आयपी ५४’ किंवा ‘आयपी ६४’ या खुणा जपून वाचाव्यात. धूळ आणि शिंतोडे यांपासूनचे हे संरक्षण आहे, बुडण्यापासूनचे नाही, आणि चाचणी गोड्या पाण्याने केलेली असते. खारे पाणी चार्जिंगच्या फटीत शिरले की आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. फोन खाऱ्या पाण्यात भिजला तर तो बंद करावा, गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. भिंगावर साचणारा खारट, तेलकट थर हे धूसर फोटोंचे सर्वात साधे कारण आहे. मऊ सुती कापडाने तो आठवड्यातून एकदा काढावा.

शेवटी दुरुस्ती. डिस्प्ले गेला तर नवा किती रुपयांना बसतो आणि अधिकृत सेवा केंद्र पालघर-बोईसरला आहे की त्यासाठी वसई-विरार गाठावे लागेल, हे विकत घेतानाच विचारावे. दोन-तीन फेऱ्यांत एकेक दिवसाची रजा जाते. कंपनी सुरक्षा अपडेट किती वर्षे देणार, हेही विचारावे, कारण फोनवर बँक चालते. जुना फोन घेणाऱ्याने मुख्य कॅमेऱ्याने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग पाहावेत, नंतर ‘*#०६#’ दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी पडताळावा. १४४२२ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत केवायएम, मोकळी जागा आणि तो आयएमईआय असा एसएमएस केला की फोनची नोंद कळते. नोंद काळ्या यादीत किंवा दुबार निघाली तर तो फोन घेऊ नये.